ब्रँड आणि वेबसाइटचे बारकावे: ठरवावे कसे, टिकवावे कसे

वेबसाइट पाहून झाल्यावर 'सगळे ठीक आहे, पण काहीतरी खटकते' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा खटकणारी गोष्ट बहुधा एकच नसते. एका पानावर बटणाचे कोपरे गोलसर असतात आणि दुसऱ्यावर टोकदार. लोगोतला निळा आणि लिंकचा निळा एकमेकांच्या जवळचे असतात, पण एक नसतात. संस्थेचे नाव मुखपृष्ठावर जोडून लिहिलेले असते आणि संपर्काच्या पानावर तोडून. पाहणाऱ्याला यातले एकही कारण नेमके सांगता येत नाही, तरी जे लोक स्वतःचे नाव दोन प्रकारे लिहितात ते आपले काम कितपत नीट करतील, अशी शंका त्याच्या मनात येऊन जाते.

बारीक लक्ष ही उपजत नजरेची देणगी आहे, असे बरेच जण मानतात. नजर तयार असली तर फायदा होतोच. पण नजर थकते, घाईत चुकते, आणि काम चौघांच्या हातून जात असेल तर चौघांच्या नजरा चार ठिकाणी असतात. माझ्या मते बारकावे टिकतात ते शिस्तीवर. प्रत्येक लहान निर्णय एकदा विचारपूर्वक घ्यावा, तो लिहून ठेवावा, आणि जिथे तो प्रत्यक्ष वापरला जातो तिथे जाऊन तपासावा. यातली एक पायरी गाळली, की उरलेल्या दोन पायऱ्यांवर घेतलेले कष्ट फार काळ पुरत नाहीत.

निर्णयांची नोंद

पहिले पान रेखाटण्यापूर्वीच एक दस्तऐवज उघडावा आणि त्यात अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करावी. नाव नेमके कसे लिहायचे, त्यात विरामचिन्ह आहे का, त्याचे संक्षिप्त रूप चालेल का. वाचकाला 'आपण' म्हणायचे की 'तुम्ही'. आकडे देवनागरीत द्यायचे की रोमन वळणाचे. तारीख कोणत्या क्रमाने लिहायची. एकाच कृतीच्या बटणावर सगळीकडे 'पाठवा' हाच शब्द ठेवायचा की काही ठिकाणी 'सबमिट करा' चालवून घ्यायचे. यांपैकी बहुतेक प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. उत्तर ठरलेले नसणे मात्र लगेच दिसून येते.

त्यानंतर रंगांचे कोड, फॉन्टची नावे, अक्षरांचे आकार आणि मोकळ्या जागांची मापे येतात. रंगाची नोंद करताना पडद्यासाठीचा हेक्स कोड (रंग सांगणारी सहा अंक-अक्षरे) आणि छपाईसाठीची सीएमवायके मूल्ये (चार शाईंची प्रमाणे) शेजारीशेजारी लिहावीत, कारण पडद्यावर दिसणारे काही झगझगीत रंग शाईतून निघतच नाहीत, आणि ही गोष्ट छपाईच्या दिवशी कळली तर हातात पर्याय उरत नाही. जागांच्या मापांसाठी ८ पिक्सेलच्या पटीतली मालिका (८, १६, २४, ३२, ४८) बहुतेक कामांना पुरते. डेव्हलपरने ही मापे आणि हे रंग कोडमध्ये एकाच ठिकाणी नाव देऊन ठेवले, की पुढे एखादा रंग बदलायचा झाल्यास तो पानापानांवर शोधत बसावे लागत नाही.

अशा नोंदीचे एक ठळक उदाहरण म्हणजे नासाची १९७६ सालची मार्गदर्शिका. १९७५ मध्ये स्वीकारलेले वळणदार अक्षरांचे लाल चिन्ह पत्राच्या कागदावर कुठे असावे इथपासून ते वाहनांवर आणि अंतराळयानावर कसे रंगवावे इथपर्यंतचे तपशील तिच्यात आखून दिले होते. लहान संस्थेला एवढ्या मोठ्या ग्रंथाची गरज नसते, दोन-तीन पाने पुरतात. पण ती पाने डिझायनर, डेव्हलपर आणि मजकूर लिहिणारा अशा सर्वांना एका क्लिकवर मिळाली पाहिजेत. कोणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये पडून राहिलेली मार्गदर्शिका असून नसल्यासारखीच असते.

लोगो: सर्वांत लहान आकारापासून

लोगो बहुधा मोठ्या पडद्यावर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर मंजूर होतो आणि त्याचे पुढचे आयुष्य मात्र लहान जागांत जाते. ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह १६ बाय १६ पिक्सेल इतके लहान असू शकते. तेवढ्या जागेत बारीक रेषा विरघळतात आणि घोषवाक्य म्हणजे नुसता करडा पट्टा होतो. म्हणून मंजुरीच्या वेळीच लोगो १६ पिक्सेलमध्ये, एका रंगात, गडद पार्श्वभूमीवर आणि फोनच्या गोल चौकटीत पाहावा. गरज पडल्यास लहान आकारासाठी वेगळे, सोपे केलेले रूप काढावे. मूळ लोगो आक्रसून बसवण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

मूळ फाइल व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात साठवलेली असावी आणि वेबसाइटवर तिचाच एसव्हीजी हा प्रकार वापरावा, म्हणजे कोणत्याही आकारात कडा स्वच्छ राहतात. काळ्या अक्षरांचा, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो ईमेलमध्ये टाकला आणि वाचणाऱ्याच्या फोनवर डार्क मोड सुरू असला, तर लोगो जवळजवळ अदृश्य होतो. हे टाळायचे असेल तर अक्षरांभोवती पातळ फिकट कडा द्यावी किंवा मागे पार्श्वभूमीचा तुकडा ठेवावा. याखेरीज आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० पिक्सेलचे चौरस चिन्ह आणि लिंक शेअर केल्यावर दिसणारे १२०० बाय ६३० पिक्सेलचे चित्र आधीच तयार ठेवावे, कारण अनेकांना वेबसाइटचे पहिले दर्शन त्या चित्रातूनच होते.

इथे मोजपट्टी आणि डोळा यांच्यातला फरकही सांगायला हवा. समान उंचीचे वर्तुळ आणि चौरस शेजारी ठेवले, तर वर्तुळ लहान भासते. ते सारखे दिसावेत म्हणून वर्तुळ किंचित मोठे काढावे लागते. व्हिडिओ सुरू करण्याचा त्रिकोण वर्तुळाच्या अगदी गणिती मध्यावर ठेवला, तर तो डावीकडे सरकल्यासारखा वाटतो, कारण त्याचे सगळे वजन डाव्या बाजूला असते. सॉफ्टवेअरने दाखवलेला मध्य चुकीचा नसतो, पण शेवटचा निर्णय डोळ्याने करावा आणि मग ते माप नोंदवून ठेवावे.

रंगांची कसोटी

वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. त्यांच्या एए या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा लागतो, मोठ्या अक्षरांना, म्हणजे २४ पिक्सेलपासून पुढे किंवा ठळक असतील तर सुमारे १९ पिक्सेलपासून पुढे, ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा रंग जेमतेम पास होतो, तर डिझायनरांच्या आवडीचा ९९९९९९ हा करडा ३ : १ चीही पातळी गाठत नाही. उन्हात धरलेल्या फोनवर हा फरक निकषांविनाही समजतो. ब्रँडचा मुख्य रंग फिकट पिवळा किंवा नारिंगी असेल तर त्यावर पांढरी अक्षरे ठेवण्याचा हट्ट सोडावा. त्याच रंगाची एक गडद छटा केवळ मजकूर आणि बटणांसाठी राखून ठेवावी आणि तीही नोंदीत लिहावी. चूक दाखवताना निव्वळ लाल रंगावर विसंबू नये, सोबत शब्द किंवा चिन्ह द्यावे, कारण लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारे वाचक थोडेथोडके नसतात.

देवनागरी अक्षर

मराठी वेबसाइटवर सर्वांत जास्त बारकावे इथेच निसटतात. त्याचे कारण असे, की रचनेचे बहुतेक साचे रोमन अक्षरे समोर ठेवून बनवलेले असतात आणि त्यांत मराठी मजकूर नंतर ओतला जातो.

पहिली गोष्ट फॉन्टची. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतील, तर ब्राउझर तक्रार करत नाही. तो गुपचूप त्या यंत्रावरचा फॉन्ट उचलतो. मग तेच पान विंडोजवर निर्मला यूआयमध्ये, आयफोनवर कोहिनूर देवनागरीत आणि अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरीत दिसते, आणि ब्रँडची ओळख म्हणून निवडलेले अक्षर मराठी वाचकाला कधीच दिसत नाही. त्यामुळे फॉन्टची निवड देवनागरीपासून सुरू करावी. मुक्त, बालू, तिरो देवनागरी यांसारखे विनामूल्य आणि विचारपूर्वक घडवलेले फॉन्ट उपलब्ध आहेत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. तिरो देवनागरीची मराठीसाठी स्वतंत्र आवृत्तीच आहे, तर काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे एकाच फाइलमध्ये असतात आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचे नमूद केले, तरच मराठी वळण उमटते. ही नोंद अवघ्या एका शब्दाची असते. स्क्रीन रीडरलाही, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा हे तिच्यावरूनच कळते, तरी ती कित्येक वेबसाइटवर इंग्रजीच राहिलेली आढळते.

दुसरी गोष्ट अक्षरांमधल्या अंतराची. रोमन मथळ्यातली अक्षरे थोडी फाकवून लिहिण्याची पद्धत आहे. तीच सेटिंग देवनागरीला लागू झाली, की शिरोरेषा तुटते. अखंड रेषेखाली बांधलेला शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसू लागतो, आणि दोन शब्दांमधले अंतर आणि दोन अक्षरांमधले अंतर यांत फरक कळेनासा होतो. देवनागरीसाठी हे अंतर नेहमी शून्यच ठेवावे. तिरप्या अक्षरांचेही असेच आहे. देवनागरी फॉन्टमध्ये बहुधा तिरपी अक्षरे नसतात, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरांनाच यंत्रवत झुकवतो आणि वेलांट्या, रफार वेडेवाकडे होतात. भर द्यायचा असेल तर ठळक अक्षर वापरावे. त्यासाठीही ठळक वजनाची (म्हणजे जाडीची) फाइल खरोखर जोडलेली आहे ना, हे पाहावे, नाहीतर ब्राउझर अक्षरे नुसती फुगवून दाखवतो.

तिसरी गोष्ट ओळींची. मात्रा, वेलांट्या आणि रफार वर जातात, उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. रोमनसाठी पुरेसे असलेले ओळींतले अंतर देवनागरीला अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. परिच्छेदासाठी अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवून पाहावे. मथळ्यांना हे अंतर कमी चालते, पण साच्यात अनेकदा असते तसे १.१ कधीच चालत नाही. चाचणीसाठी 'र्‍हस्व', 'सर्वांगीण', 'द्वंद्व', 'कुटुंबाच्या दृष्टीने' असे शब्द मुद्दाम दोन ओळींत आणून बसवावेत. बटणे आणि पट्ट्या यांची उंची ठरवून टाकलेली असेल, तर रफारावरचा अनुस्वार वरून कापला जातो. तो दिसतो का, हेही त्याच वेळी कळते.

आता एक न दिसणारा बारकावा. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो: एकतर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र वेबसाइटच्या शोधपट्टीत एका प्रकाराने टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या पानावर सापडत नाही. मजकूर कोणत्या पद्धतीने साठवायचा हे ठरवून घ्यावे आणि शोध घेताना दोन्ही रूपे एकच मानावीत, असे डेव्हलपरला स्पष्ट सांगावे.

फॉर्म आणि संदेश

ब्रँडची खरी परीक्षा मुखपृष्ठावर होत नाही, फॉर्मवर होते, कारण वाचक तिथे स्वतःहून काही देत असतो. फोन नंबरची एकच चौकट जवळून पाहू. तिचे नाव चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिले असेल, तर टंकायला लागताच ते नाहीसे होते आणि मध्येच लक्ष विचलित झालेल्या माणसाला इथे काय लिहायचे होते हे आठवत नाही. म्हणून नाव चौकटीच्या वर, कायम दिसेल असे ठेवावे. चौकटीतला मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवरचा सफारी ब्राउझर टॅप करताच पान मोठे करतो आणि रचना कडेला सरकते. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड आपोआप यावा, अशी सोय करावी. कोणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत नंबर लिहिला, किंवा मध्ये मोकळी जागा सोडली, तर तो नाकारू नये. आकडे रूपांतरित करणे आणि जागा काढून टाकणे हे काम यंत्राचे आहे. एवढे करूनही चूक राहिलीच, तर 'अवैध इनपुट' असे न म्हणता 'या नंबरात एक अंक कमी दिसतो' असे सांगावे, तेही त्या चौकटीखालीच, आणि बाकीच्या चौकटींत भरलेले काहीही पुसू नये.

बटणाच्या साध्या रूपाबरोबरच दाबलेले, बंद असलेले, काम चालू असल्याचे दाखवणारे आणि कीबोर्डने निवडलेले अशी रूपेही रेखाटावीत. कीबोर्डने निवडल्यावर दिसणारी कड 'चांगली दिसत नाही' म्हणून काढून टाकण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि माउस न वापरणाऱ्या माणसाला त्यामुळे आपण पानावर कुठे आहोत हेच कळत नाही. कड आवडत नसेल तर तिला ब्रँडचा रंग द्यावा, पण ती राहू द्यावी. स्पर्शाची जागा डब्ल्यूसीएजी २.२ नुसार किमान २४ पिक्सेल हवी. ॲपल ४४ पॉइंट आणि गूगल ४८ एकके सुचवते, आणि बोटाचा विचार केला तर हेच मोठे आकडे धरून चालणे योग्य.

फॉर्म पाठवल्यानंतरचा संदेशही काळजीने लिहावा. 'धन्यवाद' एवढ्यावर न थांबता उत्तर कधी आणि कोणत्या मार्गाने येईल हे सांगावे. पाठोपाठ जाणारा ईमेल बहुधा सॉफ्टवेअरने तयार करून दिलेला, इंग्रजी मजकुराचा आणि भलत्याच नावाने आलेला असतो. वेबसाइटवर जपलेली सगळी भाषा तिथे एका क्षणात परकी होते. चुकीच्या पत्त्यावर दिसणारे ४०४ चे पान आणि शोधात काहीच न सापडल्यावर दिसणारे रिकामे पान यांचा मजकूरही याच बैठकीत लिहून टाकावा.

वेग आणि स्थैर्य

वेगाला डिझाइनपासून वेगळे मानू नये. गूगलच्या मोजमापानुसार पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, कृतीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर सरकण्याचे माप ०.१ पेक्षा जास्त नसावे. मजकूर सरकण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे चित्रांची रुंदी आणि उंची कोडमध्ये न लिहिणे. ती लिहिली, की ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात, म्हणून दोनच वजने वापरावीत. फाइल हलकी करण्यासाठी अक्षरे वगळताना जोडाक्षरे गेली नाहीत ना, हे आवर्जून पाहावे. गेली असतील तर पानावर पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसू लागतात.

तपासणी

पाने एकामागून एक वाचत गेल्यास डोळे लवकर सरावतात आणि चुका दिसेनाशा होतात. त्यापेक्षा एका फेरीत एकच गोष्ट पाहावी. एका फेरीत सगळ्या पानांवरची फक्त बटणे, दुसरीत फक्त मथळे, तिसरीत फक्त तारखा आणि आकडे, चौथीत फक्त टॅबवर दिसणारी पानांची शीर्षके, ज्यांत 'होम' किंवा साच्याचेच नाव अनेकदा तसेच राहून जाते. सगळी बटणे एका चित्रात शेजारीशेजारी लावली, तर एरवी लक्षात न येणारे तीन-चार प्रकार चटकन समोर येतात.

तपासणी नमुन्याच्या मजकुरावर करू नये. डिझाइनमध्ये प्रत्येक नाव दोन शब्दांचे आणि प्रत्येक मथळा एका ओळीचा असतो; प्रत्यक्षात नाव चार शब्दांचे येते, मथळा तीन ओळींचा होतो आणि छायाचित्र मिळतच नाही. सर्वांत लांब, सर्वांत आखूड आणि रिकामा असा तिन्ही प्रकारचा मजकूर घालून पाहावा. मग पान २०० टक्के मोठे करावे, माउस बाजूला ठेवून केवळ टॅब की वापरून शेवटपर्यंत जावे, आणि एखाद्या जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर मंद इंटरनेटवर उघडावे. स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर केलेल्या तपासणीला मी फारसे महत्त्व देत नाही.

सापडलेल्या सर्वच त्रुटी दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, तेव्हा क्रम लावावा लागतो. वाचकाचे काम अडवणारी त्रुटी आधी, विश्वास कमी करणारी त्यानंतर, आणि फक्त डिझायनरलाच दिसणारी सर्वांत शेवटी. सावलीची छटा ठरवण्यात दिवस घालवायचा आणि चुकलेला फोन नंबर पानाच्या तळाशी तसाच ठेवायचा, असे क्रम न लावल्यानेच घडते.

वेबसाइट सुरू झाल्यावर नवी पाने नवी माणसे लिहू लागतात, आणि ठरलेल्या पद्धती तिथून ढिल्या पडतात. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी घडवलेले अक्षर १९१६ पासून वापरात आहे. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याची नवी आवृत्ती काढताना मूळ वळणे पुन्हा पारखली गेली आणि ईमेल पत्त्यातले व हॅशटॅगमधले चिन्ह त्याच वळणात बसवले गेले. नोंदवही अशीच वाढती ठेवावी. ती सांभाळण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी, नवा प्रश्न आला की त्याचे उत्तर त्याच दिवशी नोंदवावे, आणि दर तिमाहीला वरच्या फेऱ्या पुन्हा कराव्यात. त्या वेळी तुटलेल्या लिंक, तळाशी राहिलेले जुने वर्ष आणि संस्था सोडून गेलेल्या माणसांची नावे पहिल्यांदा पाहावीत.